नऊजणी आणि दोन खांब

शेवटची घंटा झाली की मुलींच्या शाळेच्या फाटकाशी दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवायला जागा नसते. रिक्षावाले काका, धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या आया, सायकलींच्या घंटा, वह्यांची देवाणघेवाण. ही गर्दी ओसरली की आत या. भिंतीशी दप्तरं ओळीनं ठेवलेली दिसतील, त्यांवर घडी केलेल्या ओढण्या, कुणाचं घड्याळ, कुणाच्या बांगड्या. आणि मैदानात पंधरा-सोळा मुली वाकून काहीतरी शोधत असतील. त्या खडे वेचत असतात. खो-खोचा सराव खडे वेचण्यानं सुरू होतो, कारण अर्ध्या तासानं याच मातीवर त्यांना सूर मारायचा असतो आणि गुडघ्याचं सालपट निघायला एक टोकदार खडा पुरतो.

शाळेत तासांबाहेरचं खूप काही चालतं. वक्तृत्व, समूहगान, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, गाइडचं पथक, लेझीम, आणि हिवाळ्यात सगळ्या शाळेला कामाला लावणारं गॅदरिंग. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला आस्था आहे. पण एकच गोष्ट मुळापासून समजावून सांगायची तर मी खो-खो निवडते. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ नुसती पळापळ वाटतो. आत्ता धावत होती ती मध्येच का बसली, बसलेली का उठली, धरणारी एवढी जवळ येऊन वळली का नाही, काहीच उमगत नाही. सामन्याला आलेले आईबाबा टाळ्या केव्हा वाजवायच्या हे शेजारच्याकडे बघून ठरवतात. खेळ कळला, तर आपली लेक रोज मातीनं माखून घरी येते आणि तरी एवढी खुशीत का असते, हेही कळेल.

आधी मैदान. लांबी 27 मीटर, रुंदी 16 मीटर. लांबीच्या मधोमध 30 सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. खांबाची उंची 120 ते 125 सेंटिमीटर, म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलीच्या छाती-खांद्यापर्यंत. तो गुळगुळीत हवा. त्याला धार नको, वर आलेला खिळा नको. मधल्या पट्टीला आठ आडव्या पट्ट्या छेदतात आणि छेदतात तिथे आठ चौकोन तयार होतात. खांबांच्या पलीकडे थोडी मोकळी जागा सोडलेली असते. हे सगळं सुतळी लावून, मोजून, फक्कीनं आखायचं. भूमितीच्या तासाला शिकलेला काटकोन इथे खरोखर कामाला येतो. 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण सुतळीनं धरला की कोपरा चोख बसतो, हे मुली एकदा शिकल्या की विसरत नाहीत. वयानं लहान गटांसाठी मैदानही लहान आखतात.

साहित्य एवढंच. दोन खांब, फक्की, शिट्टी आणि घड्याळ. चेंडू नाही, जाळी नाही, बॅट नाही. पुष्कळ मुली अनवाणी शिकतात. ज्या शाळेत खेळाच्या साहित्यासाठी फारसे पैसे नसतात, तिथेही हा खेळ पूर्ण मापानं खेळता येतो. गरिबांसाठी केलेली त्याची वेगळी, कमी प्रतीची आवृत्ती नसते. मला या खेळाबद्दल सर्वांत आधी आदर वाटला तो याच कारणानं.

आता माणसं. एका वेळी धरणाऱ्या संघाच्या नऊजणी मैदानात असतात. आठजणी आठ चौकोनांत बसतात, नववी धावते. पळणाऱ्या संघाच्याही नऊजणी असतात, पण त्या तिघी-तिघींच्या तुकडीनं आत येतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघींनी दोन खो होण्याच्या आत मैदानात उतरायचं, नाहीतर उशीर करणारी बाद. कोण कितव्या तुकडीत हे आधीच गुणलेखकाकडे लिहून द्यावं लागतं. पाळी नऊ मिनिटांची, छोट्या गटाला सात. या वेळात जितक्या बाद, तितके गुण. मग पाळी फिरते. दोन्ही संघांनी एकेकदा धरलं की एक डाव, आणि असे दोन डाव म्हणजे सामना.

खेळाची गंमत आहे ती बसण्याच्या रीतीत. आठजणी एकाच दिशेला तोंड करून बसत नाहीत. पहिलीचं तोंड उजव्या बाजूला, दुसरीचं डाव्या, तिसरीचं पुन्हा उजव्या, अशा एकाआड एक. का? तर धावणाऱ्या धरणारीवर तीन बंधनं आहेत आणि पळणारीवर त्यातलं एकही नाही. पळणारी बसलेल्यांच्या मधून हवी तशी इकडून तिकडे जाऊ शकते. धरणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा एका खांबाच्या दिशेनं निघाली की तिला मागे फिरता येत नाही, सरळ त्या खांबापर्यंत जावं लागतं. आणि पळताना अंग इतकंही वळवायचं नाही की खांद्यांची रेषा काटकोनापलीकडे फिरेल. म्हणजे शिकार हातभर अंतरावर आहे, फक्त पट्टीच्या पलीकडे आहे, आणि तिला हात लावता येत नाही.

अशा वेळी ती काय करते? पट्टीपलीकडे तोंड करून जी बसली आहे, तिच्या पाठीवर हात मारते आणि ओरडते, "खो!" बसलेली उठून आपल्या तोंडासमोरच्या बाजूला झेपावते आणि खो देणारी लगेच तिच्या चौकोनात बसते. मी डाव्या अंगाला असेन तर उजवीकडे तोंड केलेल्या चौघीच माझ्या उपयोगाच्या. उरलेल्या चौघी माझ्याकडे बघत बसल्या आहेत, त्यांना खो देता येत नाही. प्रत्येक अंगाला अशी चारच दारं. त्यातही जिच्या पुढे मी निघून गेले तिचं दार बंद झालं, कारण मागे फिरायचं नाही. नवी उठलेली मात्र मोकळी असते. डावा खांब की उजवा, हे ती उठतानाच ठरवते, आणि पहिलं पाऊल पडलं की तीही बांधली जाते.

एवढं ध्यानात ठेवून पाच मिनिटं सामना पाहिला तर सगळं उलगडू लागतं. खो वेळेवर देणं हीच धरणाऱ्यांची अर्धी विद्या. लवकर दिला तर पळणारी अजून पट्टीच्या अलीकडेच असते आणि नवी उठलेली रिकाम्या बाजूला जाऊन पडते. उशिरा दिला तर दार मागे राहतं. म्हणून चांगल्या संघात खो देणारीचा हात पाठीवर पडायच्या आधीच बसलेलीची नजर पळणारीच्या पायांवर खिळलेली असते. ती वाट बघत बसलेली नसते. मनात तिचं गणित चालू असतं: ही आता माझ्या डावीकडून निघणार, म्हणजे मी उठले तर उजवा पाय आधी. बसायच्याही दोन पद्धती शिकवतात. एकीत एका पायाची बोटं दुसऱ्या पायाच्या मागे टेकलेली, दुसरीत दोन्ही पायांची बोटं एका रेषेत. पहिलीला मुली बुलेट टो म्हणतात, दुसरीला पॅरलल टो. बुलेटमधून सुटताना मागचा पाय बंदुकीच्या गोळीसारखा लाथाडता येतो. पॅरललमध्ये दोन्ही दिशांना सारखंच फिरता येतं. कुणाला कोणती मानवते हे बाई हळूहळू ओळखतात.

पहिल्या महिन्यात नव्या मुलींना वाटतं की धावायला मिळालं तरच खेळायला मिळालं. बसलेल्या आठजणी म्हणजे जणू राखीव. प्रत्यक्षात खेळ त्या आठजणींचा असतो. नऊ मिनिटांत कुणीही एक मुलगी सलग फार धावत नाही. ती सहा-सात पावलं झेपावते, खो देते, बसते, पुन्हा उठते. सगळा पाठलाग पाठीवरच्या हातांमधून फिरत असतो. कुणीतरी एकटी खूप वेगवान आहे आणि तिनं सामना काढून दिला, असं पळताना होऊ शकतं. धरताना मात्र होत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी आणि शेवटच्या बाकावर बसणारी इथे शेजारच्या चौकोनांत असतात आणि एकमेकींच्या पाठीवर त्यांचा सारखाच भरवसा असतो.

आणि तो शब्द. नियम असा आहे की खो पाठीमागून द्यायचा, हात आणि शब्द एकाच वेळी, आणि शब्द स्पष्ट, मोठ्यानं. शब्द आधी सुटला तर फाऊल. हात लागायच्या आधी बसलेली उठली तरी फाऊल. फाऊलला पंच शिट्टी वाजवतात, धरणारीला उलट दिशेला जावं लागतं, आणि तोवर पळणारी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला श्वास घेत उभी असते. मी शिकत असताना माझा 'खो' तोंडातल्या तोंडात राहायचा. बाई मला सरावानंतर एकटीला मैदानाच्या एका टोकाला उभी करायच्या आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणायच्या, "ऐकू नाही आलं." घरी, रस्त्यात, पाहुण्यांसमोर मुलीला हळू बोलायला सांगतात. या 27 मीटरमध्ये मात्र तिनं हळू बोललेलं नियमात बसत नाही. एका हिवाळ्यात माझा आवाज सुटला, आणि पुढे वर्गात हात वर करून प्रश्न विचारतानाही तो सुटलेलाच राहिला.

पळणाऱ्यांची बाजू याहून वेगळी. त्यांना धरणारीची बंधनं नाहीत, पण सोबतीला कुणी नाही. तिघी आत असल्या तरी धरणारी एका वेळी एकीच्याच मागे लागते, आणि ती एक पूर्ण एकटी असते. पळण्याच्या ठरलेल्या चाली आहेत. सर्वांत आधी शिकवतात ती साखळी: बसलेल्यांच्या मधून नागमोडी जायचं, एकीला एका अंगानं, दुसरीला दुसऱ्या अंगानं. प्रत्येक वळणाला पट्टी ओलांडली जाते, म्हणजे प्रत्येक वळणाला धरणाऱ्यांना खो द्यावा लागतो. खो देण्याघेण्यात जो क्षण जातो तो पळणारीची कमाई. हीच नागमोड एकीऐवजी दोघींना वळसा घालून केली की दुहेरी साखळी. तिच्यात अंतर जास्त कापावं लागतं, पण धरणाऱ्यांचा अंदाज चुकतो. तिसरी चाल रिंगणाची: दोन-तीन चौकोनांभोवती गोल फिरत राहायचं, धरणारीला खांबाकडे जायला भाग पाडायचं आणि आपण मागे सरकायचं. पट्टीच्या अगदी कडेकडेनं पळणारी टिकते. घाबरून मैदानाच्या बाहेरच्या रेषेकडे गेली तर संपली, कारण तिथे वळायला जागा नसते, आणि दोन्ही पाय रेषेबाहेर पडले तर हात न लागताही ती बाद.

नऊ मिनिटं आणि नऊजणी, म्हणजे सरासरी मिनिटाला एक. प्रत्येक तुकडीनं तीन मिनिटं काढली तर संघ सगळा बाद होत नाही. म्हणून शाळेच्या सामन्यात एखादी मुलगी दोन-अडीच मिनिटं टिकली की सगळं मैदान तिचं नाव घेऊन ओरडू लागतं. घड्याळ हातात धरलेली बदली खेळाडू बाहेरून सेकंद मोजत असते. शाळेच्या वर्षभरात अडीच मिनिटं एवढी लांब दुसरीकडे कुठे वाटत नसतील.

खांबापाशी खेळ पालटतो. तिथे पोहोचली की धरणारी मोकळी होते, खांबाला वळसा घालून दुसऱ्या अंगाला येऊ शकते. पळणारी खांबाशी अडकली असेल तर धरणारी एका हातानं खांब पकडते आणि सगळं अंग त्याच्याभोवती बाहेर फेकून दुसऱ्या हातानं तिला टिपते. वर्तमानपत्रांत 'खांबावर बाद केले' असं छापतात ते हेच. त्यासाठी मनगट आणि पोट दोन्ही कणखर लागतात. खांबालगतच्या दोन चौकोनांत बसवायच्या मुली म्हणूनच निवडून काढाव्या लागतात. दुसरा सूर मोकळ्यातला: पळणारी हाताच्या टप्प्याच्या जरा पुढे असेल तर तिच्या टाचेच्या रोखानं मातीवर पसरायचं. पडायचं छातीवर, हात ताणून, हनुवटी वर ठेवून. हे आधी ओल्या वाळूवर किंवा गाद्यांवर शिकवायचं असतं. घाईनं मातीवर शिकवलं तर मुलगी एकदा घाबरते आणि मग वर्षभर वाकतच नाही.

सरावाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आणि जूनमध्ये मैदानात चिखल. त्यामुळे पहिले दोन महिने व्हरांड्यात किंवा सभागृहात जातात. तिथे लंगडी खेळतात. लंगडी हा पोरखेळ नाही. एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलणं हेच खो-खोचं मूळ आहे, आणि मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीत आपल्या आज्यांनी हा तोल पिढ्यान्‌पिढ्या घोटलेला आहे. मग बसून उठायचा सराव, शिट्टीसरशी, दिवसाला पन्नास-साठ वेळा. पाऊस ओसरला की मैदान. आधी खडे, मग धावून अंग गरम करणं, मग नुसते खो देत एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जाणं, आणि शेवटची वीस मिनिटं खरा खेळ. जाताना प्रत्येकीला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा भिजवलेले हरभरे. बरीचशी मुलं-मुली दुपारच्या डब्यानंतर काही न खाता संध्याकाळपर्यंत राहतात, म्हणून ही मूठ सरावाचाच भाग मानली पाहिजे.

मुलींच्या शाळेत काही गोष्टी सोप्या होतात. त्या उघडपणे बोलायला हव्यात. नखं कापलेली आहेत का, पैंजण काढलेत का, वेणी वर बांधली आहे का, हे बघण्याइतक्याच सहजपणे बाई विचारू शकतात की पाळी चालू आहे का आणि पोटात दुखतंय का. दुखत असेल तर ती मुलगी घड्याळ धरते, दुखत नसेल तर खेळते. तिला घरी पाठवायचं काही कारण नसतं. शाळेत पॅडची सोय आणि पाणी असलेलं स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर मैदान कितीही छान आखलेलं असो, महिन्यातले चार-पाच दिवस मुली गळतात आणि संघ उभा राहत नाही. खेळाच्या कपड्यांचंही तसंच. आखूड पॅंट घालायला संकोच वाटत असेल तर लांब ट्रॅक पॅंट घालू द्यावी. गुडघे झाकल्यानं वेग फारसा कमी होत नाही, पण संकोचामुळे खूपच कमी होतो.

पावसाळा सरत आला की स्पर्धा. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्यात असे आठ विभाग आहेत: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. राज्यातून निवडलेल्या मुली राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातात. तालुक्यालाच हरणाऱ्या शाळा अर्थातच सर्वांत जास्त, आणि त्यात काही बिघडत नाही. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, डबे वाटून खात दुसऱ्या गावच्या मैदानावर जाणं आणि तिथल्या मातीचा रंग वेगळा आहे हे पाहणं, यासाठीही ती वाट चालावी. खो-खो संघटनेच्या स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलींना किशोरी म्हणतात. राष्ट्रीय स्पर्धेत किशोरींतल्या सर्वोत्तम खेळाडूला 'इला' आणि त्यापुढच्या मुलींच्या गटात 'जानकी' हा पुरस्कार मिळतो. ही दोन नावं खो-खो खेळणाऱ्या प्रत्येक शाळेत मुलींना पाठ असतात.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यात मुलींची बाजू उशिरा येते. लिखित नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं केले. बर्लिनला 1936 चं ऑलिंपिक झालं तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली, आणि स्त्रियांची त्याच्या पुढच्या हंगामात, कोल्हापूरला. पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, सुरू झालं 1884 मध्ये. मुली हायस्कूलच्या वर्गात पोहोचल्या त्यानंतर तीस वर्षांनी नियम लिहिले गेले, आणि आणखी पंचेचाळीसेक वर्षांनी त्यांना त्या नियमांनी देशपातळीवर खेळायला मिळालं.

त्यानंतर मात्र महाराष्ट्राच्या मुलींनी मागे पाहिलं नाही. धाराशिवची सारिका काळे 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळत होता. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तिथला खेळ शाळेतल्याहून थोडा वेगळा होता. संघ नऊऐवजी सातजणींचा, आणि मातीऐवजी मॅट. अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. दुसऱ्या दिवशी शाळांच्या मैदानांवर मुलींनी एकमेकींना तिच्या नावानं हाका मारल्या असतील, याची मला खात्री वाटते, कारण आम्हीही आमच्या वेळच्या खेळाडूंच्या नावानं असंच करायचो.

नोकरीचाही विचार पालक करतात आणि तो करायलाच हवा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. दहावी-बारावीला वरच्या स्तरावर खेळलेल्या मुलांना सवलतीचे गुणही मिळतात. पण त्यासाठी मुलीला खेळायला पाठवू नका. शंभरातल्या एखाद्याच मुलीला ते मिळेल. उरलेल्या नव्व्याण्णवांना काय मिळतं, ते वर सांगितलंच आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ज्या शाळेत मी खेळले, तिचं मैदान पुढे काही वर्षं शाळा सुटताच बंद होऊ लागलं. कारण साधंच होतं: कुणी थांबायला तयार नव्हतं, आणि मुलींना उशीर झाला तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न होता. प्रश्न खोटा नाही. पण मैदान बंद केल्यानं तो सुटत नाही, मुली फक्त घरी जातात. दोन वर्षांत खांब गंजले, फक्कीच्या रेषा पुसल्या, आणि तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला संघच गेला नाही. पुढे काही माजी विद्यार्थिनी आणि पालकांनी मिळून एक व्यवस्था केली. रोज दोन पालक आळीपाळीनं थांबायचे, मुलींना त्यांच्या त्यांच्या गल्लीच्या गटानं घरी पाठवायचे, आणि सव्वासहाला फाटक लावायचे. थंडीत अंधार लवकर पडतो म्हणून त्या दिवसांत सराव सकाळी शाळा भरायच्या आधी घ्यायचे. एवढ्यानं भागलं. पैसे लागले ते खांबांच्या रंगाला आणि हरभऱ्याला.

तुमच्या गावात मुलींची शाळा असेल तर एका संध्याकाळी सहज जाऊन या. मैदानाला कुलूप दिसलं तर मुख्याध्यापिकांना भेटा आणि आठवड्यातला एक दिवस थांबायची तयारी दाखवा. फाटक सव्वासहापर्यंत उघडं राहू दे. खडे मुली वेचतील, फक्कीही त्याच मारतील.